कोरं पाऊल

४ फेब्रुवारी

पावणेदोन,

फोन करू नकोस. उजवा कान पूर्ण गेलाय, डावा जायच्या तयारीत आहे, आणि तू ओरडून बोललीस की भांडतेयस असं वाटतं. ईमेलही नको. तो उघडायला कॉम्प्युटर उघडावा लागतो, आणि कॉम्प्युटर उघडला की आधी तोच मला दहा प्रश्न विचारतो. कागदावर लिही.

काम असं आहे. बाईंचा दुकानातला कॉम्प्युटर मेला. माझ्या हाताखाली चौदा वर्षं काढून आता माझंच दुकान चालवतात, तर त्यांना नवा घेणं भाग होतं. नव्यावर माझा प्रोग्रॅम टाकायला गेल्या तर पडदाभर सूचना: हा प्रोग्रॅम अनोळखी माणसाने बनवलाय, तुमच्या कॉम्प्युटरला अपाय करू शकतो. अनोळखी. बावीस वर्षं तेवीस दुकानांत वाकड्या पायांचे बूट या प्रोग्रॅमवर बेतले जातात. कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची बोटं गेलेली, कुणाचा एक पाय तुझ्यासारखा आखूड, म्हणजे दोनाऐवजी पावणेदोन. मी त्या प्रत्येक दुकानदाराला ओळखतो आणि ते मला ओळखतात. अनोळखी आहे तो पडदा.

बाई म्हणतात, आता सगळं त्या कॉम्प्युटरमधल्या स्टोअरमधूनच घ्यावं लागतं, आणि जुने प्रोग्रॅम गुंडाळून तिथे ठेवायचं काम तू ज्या कंपनीत आहेस तीच करते. तर गुंडाळ. अट एकच. माझ्या प्रोग्रॅमची एकही ओळ बदलायची नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, बूट शिवता शिवता, पुस्तक समोर ठेवून लिहिलाय तो. कुणी आत हात घातलेला मला चालणार नाही.

तुझा मामा


१३ फेब्रुवारी

मामा,

करते. ओळ बदलायचा प्रश्नच नाही, कारण आमच्याकडे कुणी आत बघतच नाही. साहेबांचं वाक्य ठरलेलं आहे: गुंडाळा आणि पाठवा. महिन्याला चाळीस जुने प्रोग्रॅम येतात. कुणी कष्टाने लिहिलेले, कुणी कसेतरी उरकलेले, आम्हाला सगळे सारखेच. वरून एक पाकीट चढवायचं, त्यावर चित्र चिकटवायचं, फॉर्म भरायचे, ढकलायचं. शिळं अन्न नव्या डब्यात भरून वर झाकण लावावं तसं. चार वर्षं मी हेच करतेय आणि आता त्या डब्यांचा वास मला घरी येतो. खरंच सांगते, मामा, मला या कामाचा वीट आलाय. आमच्या खोलीत कॉफीचं मशीन आहे, त्याच्या नळीला तपकिरी साय धरते आणि सगळे त्यातूनच कॉफी पितात. मीसुद्धा.

तुझा प्रोग्रॅम मात्र मी घरी, माझ्या वेळेत करणार आहे. सोबत स्टोअरचे प्रश्न पाठवतेय. ते मूर्ख आहेत हे मला माहीत आहे. उत्तरं दे.

तुझी भाची


२१ फेब्रुवारी

पावणेदोन,

उत्तरं घे. प्रोग्रॅममध्ये रक्तपात आहे का? नाही. जुगार? नाही. नग्नता? पाय उघडे असतात, असं लिही. अकरा मापांतलं चित्र हवंय म्हणे, सगळ्यात लहान सोळा ठिपक्यांचं. सोळा ठिपक्यांत पाऊल काढलं तर ते शेंगदाण्यासारखं दिसतं. शेंगदाणा काढ. ‘तुम्ही लोकांची खासगी माहिती गोळा करता का?’ मी लोकांच्या कुरपांची, हाडांची आणि लंगडण्याची माहिती गोळा करतो. त्याशिवाय बूट होत नाही. ‘ती माहिती तुम्ही कुणाला विकता का?’ हे वाचून मात्र माझं डोकं फिरलं. असा प्रश्न ज्याला सुचतो तो रोज काय करत असेल?

मामा


१८ मार्च

मामा,

परत आला. कारण ऐक: ‘चित्रांमध्ये अनावृत शरीर आढळले.’ कुणा माणसाने पाहिलंच नाही. यंत्राने पाय पाहिले आणि नापास केलं. मी लिहून विचारलं, हे पाय आहेत, बुटाचा प्रोग्रॅम आहे. उत्तर आलं तेही यंत्राचंच. शेवटी फोटो काढून टाकले आणि तुझी पेन्सिलची चित्रं लावली. परवा पास झाला. तू आता अधिकृत आहेस. स्टोअरमध्ये तुझ्या एका बाजूला कुत्र्यांचे आवाज काढणारा प्रोग्रॅम आहे, दुसऱ्या बाजूला झोप मोजणारा.

गुंडाळताना दोन-तीन किरकोळ गोष्टी दिसल्या, पाकिटात फाइली कुठे राहतात वगैरे. तुझ्या अटीत राहून जेवढं होतं तेवढं केलं. बाकी मी बघून घेते.

माझ्या नोंदीत एक शेवटचा रकाना उरलाय. प्रोग्रॅममध्ये माहीत असलेले दोष कोणते? खरं सांग, म्हणजे दुकानदारांनी विचारलं तर मला उत्तर देता येईल. स्टोअरमध्ये मदतीसाठी आता माझा नंबर आहे.

तुझी भाची


२५ मार्च

पावणेदोन,

दोष नाही.

मामा


१० एप्रिल

मामा,

काल दिवसभर बाईंच्या दुकानात होते. तुझी खुर्ची तशीच आहे, तिच्यावर आता चामड्याच्या गुंडाळ्या ठेवतात. मेलेल्या कॉम्प्युटरची डिस्क काढून तिच्यातून सगळी पावलं नव्यात आणली. अकराशे सहा. एकेक उघडून पाहिली नाहीत, पण मोजली. पहिल्या नंबरवर मीच आहे. चार वर्षांच्या मुलीचं पाऊल, डावीकडे अकरा मिलिमीटरचा फरक, आणि तिथून दर वर्षीची नोंद. तू वह्यांमधून ही टिपणं प्रोग्रॅममध्ये भरलीस तेव्हा मी अकरा वर्षांची होते आणि शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होते, ते आठवलं.

बाईंनी माझं नवं मापही घेतलं. फरक आता एकतीस मिलिमीटर झालाय. त्या म्हणाल्या, उभं राहताना तुम्ही कंबर चोरता, एका बाजूला कलता. म्हटलं, दिवसभर बसूनच असते.

निघताना त्यांनी विचारलं की मास्तरांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे दर शनिवारी ‘पावलं’ फोल्डरची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायची ना, जुनी पुसून नवी? म्हटलं, घ्या की. बस सुटणार होती, घाईत होते. जुना कॉम्प्युटर भंगारात जाणार होता, त्याची डिस्क मी पुसून दिली. लोकांची मापं भंगारवाल्याच्या हाती लागायला नकोत.

तुझी भाची


२९ ऑगस्ट

पावणेदोन,

शेजारणीच्या मुलीने मला स्टोअरमधले अभिप्राय छापून आणून दिले. एकाने एक तारा दिलाय: ‘पायांबद्दल आहे, मला वाटलं खेळ आहे.’ दुसऱ्याने एक तारा दिलाय: ‘कुत्र्याचे आवाज येत नाहीत.’ माझ्या आयुष्यात माझ्या बुटाला कुणी तारे दिले नाहीत. बूट चावला तर गिऱ्हाईक तोंडावर सांगायचं. या कागदावर मी चहाचा कप ठेवतो.

तेवीसच्या तेवीस दुकानं नव्यावर गेली, असं बाई लिहितात. आता मी मेलो तरी चालेल, प्रोग्रॅम राहील. तू हे केलंस. तोंडावर म्हटलं असतं तर तू चढून बसली असतीस, म्हणून पत्रात म्हणतो.

मामा


३ नोव्हेंबर

मामा,

बसून वाच.

बाईंच्या दुकानातली सगळी पावलं गेली. एकही उरलं नाही.

गुरुवारी दुपारी त्यांचा फोन आला. शांतपणे म्हणाल्या, प्रोग्रॅम उघडतोय, पण आत काही नाही. विचारलं, आधी काय केलंत? म्हणाल्या, काही नाही, छापताना अडकला म्हणून काढला आणि परत टाकला. मास्तर नेहमी तेच सांगायचे.

मामा, तुझा जुना प्रोग्रॅम काढून टाकला तरी पावलं जागेवर राहायची. स्टोअरच्या पाकिटात तसं नसतं. पाकिटातला प्रोग्रॅम जे लिहितो ते पाकिटाच्या आत एका लपलेल्या जागी जातं, आणि पाकीट फेकलं की तेही जातं. हे मला मार्चमध्येच माहीत होतं. ‘किरकोळ गोष्टी’ लिहिलं होतं ना, त्यातली ही एक. ती जागा बदलायची तर तुझ्या प्रोग्रॅममध्ये हात घालावा लागला असता, आणि तुझी अट होती. तुला लिहून विचारता आलं असतं. मी विचार केला, चालणारा प्रोग्रॅम मुद्दाम कोण काढून टाकतं?

पेन ड्राइव्ह मागवून घेतला. बाहेरून जे ‘पावलं’ फोल्डर दिसतं त्यात फक्त तुझं नमुन्याचं कोरं पाऊल असतं. खरी पावलं आत, लपलेली. बाई एप्रिलपासून दर शनिवारी, तुझ्या कागदाप्रमाणे, जुनी प्रत पुसून ते एक कोरं पाऊल जपून ठेवत होत्या. पहिल्याच शनिवारी पेन ड्राइव्हवरची अकराशे सहा पावलं पुसली गेली. आणि त्यांनी मला विचारलं होतं. मी बसकडे बघत ‘घ्या की’ म्हटलं होतं.

पुसलेलं परत काढून देणाऱ्या माणसाकडे कॉम्प्युटर नेला. चार दिवसांनी त्याने एक फाइल दिली. कोरं पाऊल.

मला माझी शिसारी येतेय. आरशात बघायला नको वाटतं. तुझ्याकडे वह्या असतील तर सांग.

तुझी भाची


१० नोव्हेंबर

भाचीस,

वह्या नाहीत. प्रोग्रॅममध्ये भरल्या त्या वर्षी रद्दीत दिल्या. प्रोग्रॅमवर माझा विश्वास होता.

तुला चार ओळी लिहून विचारता आलं नाही? मी अट घातली म्हणतेस. अट मोडायला माणूस परवानगी मागतो, नाहीतर सरळ मोडतो. तू तिसरंच केलंस, अट पाळली आणि खड्डा झाकला. तुझ्या त्या ऑफिसात हेच शिकवतात वाटतं. गुंडाळा आणि पाठवा. तुझं ते पत्र वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, आज ओकारी येतेय. बाईंनी चौदा वर्षं माझे शब्द कानात जपले आणि त्या जपण्याचीच त्यांना शिक्षा झाली.

बाकीची बावीस दुकानं आहेत. त्यांचं काय करणार आहेस, ते आधी सांग.

मामा


१५ नोव्हेंबर

मामा,

तुझं पत्र वाचून मी तुझी अट मोडली. प्रोग्रॅम उघडला. पहिल्यांदाच आत बघितलं.

बाई छापताना अडकल्या. का अडकल्या हे मला शोधायचं होतं. तुझ्या छपाईच्या भागात एक छोटी फाइल आहे, दर छपाईला तिच्यात एक ओळ वाढते आणि ती कुणी कधीच रिकामी करत नाही. भरली की प्रोग्रॅम थिजतो. काढून परत टाकला की फाइल नवी होते आणि काही महिने सुखाचे जातात. आणि त्या जागी, मामा, तुझ्याच हातची टीप आहे. जशीच्या तशी उतरवते: ‘इथे अडकतो. तूर्त काढून परत टाकायला सांगावे. नीट नंतर करू.’ खाली तारीख आहे. एकोणीस वर्षांपूर्वीची.

एकोणीस वर्षं तू तेवीस माणसांना फोनवर सांगत राहिलास, काढा आणि परत टाका. औषध म्हणून. त्यांना वाटलं हीच रीत आहे. कुणाला नळ गळतोय हे सांगायच्याऐवजी रोज फरशी पुसायला लावावी तसं. मी तुला मार्चमध्ये सरळ विचारलं होतं, माहीत असलेला दोष कोणता? तू दोन शब्दांचं पत्र पाठवलंस. पोस्टाचं तिकीटही वाया घालवलंस.

तू खड्डा झाकण्याबद्दल बोलतोस. मी सात महिने झाकला, तू एकोणीस वर्षं. तुझ्या खड्ड्यात माझा खड्डा मिळाला तेव्हा कुठे बाई पडल्या. एकटा कुठलाच पुरला नसता. यात बरं वाटण्यासारखं काहीच नाही.

दुरुस्ती आठ ओळींची आहे. बसून केली, संध्याकाळच्या आत झाली. पावलांची जागाही पाकिटाबाहेर हलवली. पण ती स्टोअरमधून पोचायला दिवस लागतील, आणि तोवर बावीसपैकी कुणाचाही छापताना अडकला तर तो काय करेल हे तुला माहीत आहे. त्यांना आज कळायला हवं. आणि ते माझं ऐकणार नाहीत. मी त्यांच्यासाठी एक नंबर आहे. ते मास्तरांचं ऐकतात.

तुझी भाची


२० नोव्हेंबर

पावणेदोन,

ती टीप मी विसरलो नव्हतो. तू आत बघशील याचीच भीती होती म्हणून अट घातली. ओळींचं प्रेम वगैरे काही नाही. दुकानदार मला मास्तर म्हणतात, आणि ज्याला आपला नळ दुरुस्त करता आला नाही त्याला मास्तर म्हणत नाहीत. दोनदा प्रयत्न केला होता. जमलं नाही. पुस्तकात तेवढं नव्हतं. मग लाज वाटली, मग सवय झाली. आठ ओळी म्हणतेस. संध्याकाळच्या आत.

तेवीस पत्रं हाताने लिहिली. एकच मजकूर आहे, तुझ्यासाठी प्रत:

‘प्रोग्रॅम अडकला तर काढू नका. काहीही झालं तरी काढू नका. काढल्यास सगळी मापं कायमची जातील. मी तुम्हाला इतकी वर्षं काढून परत टाकायला सांगितलं, ते माझ्याकडून एक चूक दुरुस्त होत नव्हती म्हणून. हे मी तुमच्यापासून लपवलं. नव्या पाकिटात पावलं आत राहतात, हे माझ्या भाचीने लपवलं. एका दुकानाचं सगळं गेलं आहे. दुरुस्त प्रोग्रॅम येतो आहे, तो तिने केला आहे. तोवर मापं कागदावर घ्या.’

खाली माझी सही आहे. तुझी तू कर आणि आजच पोस्टात टाक. पाकिटांवर पत्ते घातलेत. बाईंचं पत्र वेगळं ठेवलंय, ते तू स्वतः घेऊन जा. पोस्टाने पाठवायची माझी हिंमत नाही.

मामा


२२ डिसेंबर

मामा,

आधी हिशोब. पत्रं मिळाल्यावर तिघांचे फोन आले. त्यातल्या दोघांचं आधीच गेलं होतं, एकाचं जूनमध्ये, एकाचं सप्टेंबरमध्ये. दोघांनीही कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याच हातून काहीतरी चुकलं असं समजून गप्प बसले होते. एक जण म्हणाला, मास्तरांना काय वाटेल म्हणून. बाकीची वीस वाचली. दुरुस्त प्रोग्रॅम सगळ्यांकडे पोचला, आता काढला तरी पावलं राहतात. मी माझ्या कॉम्प्युटरवर तीस वेळा काढून बघितला. ऑफिसात साहेबांना सांगितलं की यापुढे उघडून बघितल्याशिवाय मी काही गुंडाळणार नाही. ते म्हणाले, मग तुम्ही आमच्या कामाच्या नाहीत. बरोबर बोलले. महिनाअखेरीला सुटते.

काल बाईंकडे गेले. तुझं पत्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी केली आणि सुयांच्या डबीखाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कोपऱ्यात कॉम्प्युटर आहे, वर फडकं टाकलंय. नवा प्रोग्रॅम टाकून देऊ का विचारलं. म्हणाल्या, नको. टेबलावर जाड वही होती, नवी. जी गिऱ्हाइकं येतात त्यांना परत कागदावर उभं करतात, पेन्सिल फिरवतात, चार ठिकाणी फीत लावतात आणि वहीत लिहितात. एका आजोबांना विचारत होत्या की गेल्या वेळेपेक्षा सूज वाढलीय का. आजोबा म्हणाले, ते तर तुमच्याकडे लिहिलेलं असेल. बाई म्हणाल्या, नाही. मी तिथेच बसले होते. त्या माझ्याकडे बघणार नाहीत याची त्यांनी काळजी घेतली, आणि ते जास्त लागलं.

मग मला म्हणाल्या, बूट काढा. मी काढले. म्हटलं, डावीकडे एकतीस आहे, मला पाठ आहे, एप्रिलचं माप. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाल्या, ‘आठवणीतलं माप मी लिहीत नाही. उभ्या राहा.’

उभी राहिले. कागद थंड होता. त्यांनी गुडघ्यावर बसून रेघ ओढली, टाचेखाली ठोकळे सरकवत गेल्या, कंबरेला हात लावून ती सरळ केली, पुन्हा ठोकळे मोजले. तेहतीस आला. एप्रिलमध्ये मी कंबर चोरली होती की आता खरंच वाढलाय, ते आता कधीच कळणार नाही, कारण ताडून बघायला मागचं काही नाही. त्यांनी तेहतीस लिहिलं. रकान्यात ‘मागील माप’ असं होतं, तिथे आडवी रेघ मारली.

वहीत माझा नंबर एकेचाळीस आहे. पहिल्या नंबरवर चार वर्षांची एक मुलगी आहे, डावा पाय आखूड, फरक नऊ. तुझ्या प्रोग्रॅममध्ये पहिली मी होते, हे बाईंना सांगायला तोंड उघडलं नाही.

बूट तीन आठवड्यांनी मिळतील. तोवर जुनेच घालते.

पावणेदोन